वासराच्या वाट्याचे दूध



आपल्या मराठी भाषेतली एक गंमत आधी सांगतो. गाय स्त्रीलिंगी, बैल पुल्लिंगी. पण त्यांचे पिल्लू मात्र 'ते वासरू'. म्हशीचे 'ते पारडू' किंवा 'ते रेडकू', शेळीचे 'ते करडू', मेंढीचे 'ते कोकरू'. जोवर पिल्लू आईच्या सडाला लागलेले आहे, तोवर ते नर की मादी हा प्रश्न भाषेने बाजूला ठेवला आहे. मात्र त्याचे दूध तुटले, ते दावणीला चारा खाऊ लागले, की शब्द पालटतात. गाईच्या वासराचा गोऱ्हा होतो किंवा त्याची कालवड होते. म्हशीच्या पारडाचा रेडा होतो, नाही तर वगार होते. संस्कृतातही असाच भेद आहे. ज्याचे बाळपण सरत आले अशा वासराला 'वत्सतर' म्हणतात, आणि तो शब्द कसा साधायचा याचे सूत्र पाणिनीने व्याकरणात दिले आहे. शिक्षकमित्रांनी वर्गात हे जरूर सांगावे.

भाषेने एवढी काळजी घेतली, ती उगाच नाही. दूध तुटण्याची वेळ ही जनावराच्या आयुष्यातली मोठी वेळ आहे. एका गोठ्यात, एका दावणीला बांधलेल्या दोन वासरांची नशिबे इथेच वेगळी होतात. कुणाला किती दिवस दूध मिळाले, कुणाला आधी तोडले, आणि तोडल्यावर गोऱ्हे व कालवडी एकत्र ठेवल्या की निराळ्या, यावर आपल्या गुरांच्या जातींची घडण झाली आहे. आज आपण तोच इतिहास पाहू या.

सुरुवात कौटिल्याच्या अर्थशास्त्रापासून करू. हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. त्यात गोध्यक्ष, म्हणजे राजाच्या गाईगुरांवरचा अधिकारी, याच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. शंभर दुभत्या जनावरांमागे माणसे कोणती ठेवावीत, तर गाई राखणारा, म्हशी राखणारा, धार काढणारा, ताक घुसळणारा आणि श्वापदांपासून कळप सांभाळणारा शिकारी. पुढची गोष्ट नीट ऐका. या माणसांचे वेतन रोख द्यावे, दूधतूप देऊन त्यांची मजुरी फेडू नये, असे ग्रंथकार सांगतो. का? तर मजुरी दुधात मिळू लागली की ही माणसे वासरांना उपाशी मारतील!

त्याच प्रकरणात आणखीही नियम आहेत. पावसाळा, शरद आणि हेमंत या ऋतूंत दोन वेळा धार काढावी. शिशिर, वसंत आणि उन्हाळ्यात एकदाच. या दिवसांत जो दुसऱ्यांदा धार काढील त्याचा अंगठा तोडावा, अशी कडक शिक्षा सांगितली आहे. कारण उघड आहे. रानात चारा नसताना गाईच्या कासेत जे थोडे दूध असते, ते वासराचे. वासरू महिना-दोन महिन्यांचे झाले की त्याला खूण करावी. वासरू, दूध तुटलेले वासरू, जुंपण्यास शिकवण्याजोगा खोंड, ओढीचा बैल, वळू अशा निरनिराळ्या नोंदी ठेवाव्यात. माद्यांच्याही तशाच ठेवाव्यात. कळपात नर किती असावेत याचे प्रमाणही दिले आहे. म्हणजे नर आणि मादी एकत्र वाढवताना नरांची संख्या मोजूनमापून ठेवायची, हे त्या काळी ठाऊक होते. राजाच्या कळपात तसा हिशेब राहत होता. गावच्या कळपात तो कसा राहावा?

गावची रीत कशी होती, ते भागवतातल्या कृष्णकथेत दिसते. कृष्ण आणि बलराम लहान असताना वासरे राखीत. ते 'वत्सपाल' होते. थोडे मोठे झाल्यावर त्यांच्याकडे गाई आल्या. पोराटोरांनी वासरे गावाजवळ चारायची आणि मोठ्या गुराख्याने गाई लांब रानात न्यायच्या, ही वाटणी आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या चालली. वासरे गाईंबरोबर गेली तर दिवसभरात सगळे दूध पिऊन टाकणार. म्हणून दिवसा ताटातूट आणि संध्याकाळी भेट. तिन्हीसांजेला गाई हंबरत, धावत घरी येतात ते याचसाठी. घरी आल्यावर वासराला आधी सोडायचे, त्याने ढुसण्या दिल्या की गाय पान्हा सोडते. मग ते ओढून बाजूला बांधायचे, धार काढायची, आणि शेवटी पुन्हा सोडायचे. कुठे दोन सड धन्याचे आणि दोन वासराचे, असाही शिरस्ता होता.

आपल्या देशी गाईला वासरू पुढ्यात नसेल तर पान्हा फुटणे कठीण, म्हणून वासरू जगले तरच दूध. वासराला पहिल्या दिवसापासून तोडावे असा विचार आपल्याकडे रुजला नाही. दूध तुटायचे ते हळूहळू, गाय आटत जाईल तसे. एखादे धटिंगण वासरू मोठे होऊनही पिणे सोडीना, तर त्याच्या तोंडाला काटेरी मुसकी बांधीत. मग काटे टोचल्यामुळे गाय स्वतःच लाथ मारून त्याला दूर करी. आश्विन वद्य द्वादशीला, वसुबारसेला, आपल्या आयाबहिणी सवत्स धेनूची पूजा करतात आणि गाईचे दूधतूप खात नाहीत. निदान त्या दिवशी तरी दूध कुणाचे याची आठवण होते.

ही रीत पुष्कळ चांगली होती. पण तिच्यातही पक्षपात शिरला, आणि तो गरजेतून शिरला. दख्खनच्या शेतकऱ्याला सर्वांत मोठी गरज बैलाची. नांगर, कुळव, मोट, गाडी सगळे बैलावर. म्हैसूरकडचे उदाहरण घ्या. तिथल्या वाडियार राजांनी सतराव्या शतकात गाईंचे मोठे कळप राखले. त्या खात्याचे नाव होते 'बेण्णे चावडी', म्हणजे लोण्याची चावडी. पुढे हैदरअलीने ते कळप वाढवले आणि टिपू सुलतानाने खात्याला 'अमृतमहाल' नाव दिले. नाव दूधलोण्याचे, पण कळपांची खरी कमाई म्हणजे तोफा ओढणारे चपळ बैल. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर हे कळप इंग्रजांच्या हाती गेले. १८६० मध्ये काटकसर म्हणून त्यांनी ते विकून टाकले. पण लष्कराला बैल मिळेनात, तेव्हा १८६६ मध्ये कळप पुन्हा उभे करावे लागले.

आपली माणदेशची खिल्लार जातही मूळ म्हैसूरकडच्या हळ्ळीकार गुरांशी नाते सांगते, असे जाणकार मानतात. सोलापूर, सातारा, सांगलीकडचा शेतकरी खिल्लारी गोऱ्ह्याला कसा वाढवतो ते आपल्याला माहीत आहे. गाईचे सगळे दूध त्यालाच, वर पीठ, पेंड, काही घरी अंडी सुद्धा. खरसुंडीच्या किंवा सांगोल्याच्या बाजारात गोऱ्ह्याची किंमत आली की सगळे वसूल. आणि त्याची बहीण? कालवडीला मात्र लवकर तोडायचे आणि रानात सोडायचे. तिने काय, गवतावर वाढावे!

१९२६ मध्ये सरकारने शेतीची पाहणी करण्यासाठी लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले. त्याचा अहवाल १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. बैलाला खाऊ घातले जाते आणि त्याची आई असलेली गाय मात्र उपाशी राहते, ही गोष्ट कमिशनच्याही नजरेत भरली. दुधासाठी लोक म्हैस ठेवतात, हेही त्याने नोंदवले.

आता एकच गोठा डोळ्यांपुढे आणा. त्यात चार वासरे आहेत. गाईचा गोऱ्हा लाडका, कारण तो उद्याचा बैल. गाईची कालवड दुर्लक्षित, कारण दुधासाठी म्हैस आहे. म्हशीची वगार लाडकी, कारण ती उद्याची दुभती. आणि म्हशीचे रेडकू? कोकणात किंवा भातखाचरांच्या भागात रेड्याला काम आहे, तिथे ते जगे. देशावर त्याला कुणी विचारीत नसे. गोठा एक, धनी एक. पण एका जातीत लेक जगे आणि दुसरीत लेक मरे. जनावरात नर चांगला की मादी चांगली, हे निसर्गाने ठरवले नव्हते. ते धन्याच्या हिशेबाने ठरवले.

या पक्षपातापेक्षाही मोठे नुकसान दूध तुटल्यानंतर होत असे. तोडलेले गोऱ्हे आणि कालवडी गावच्या एकाच कळपात, एकाच गायरानावर चरत. गुराखी एक, गुरे शंभर. गोऱ्हा बडवायचा तो तीन-चार वर्षांचा झाल्यावर. कारण लवकर बडवला तर वशिंड भरत नाही, मान जाड होत नाही, अशी समजूत. त्या बडवण्याचे हालही मोठे. गोऱ्ह्याला पाडून, लाकडाच्या दांड्यांत वृषणांच्या शिरा धरून ठेचीत. धनी तो दिवस पुढे पुढे ढकली, यात नवल नाही. पण तोवर तो खोंड कळपातच असे. गावात देवाला सोडलेला एखादा जातिवंत वळू असला, तरी हे पाच-पंचवीस उनाड खोंड आधीच कालवडींच्या मागे लागत. पुष्कळदा मरतुकड्या खोंडाने अशक्त कालवड गाभण राहायची, तिला दूध कमी, म्हणून तिचे वासरू आणखी अशक्त. अशी ही उतरती साखळी.

त्यात चराईची कुरणे आटली. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या सुमारास 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जंगलखात्याने रान बंद केल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांची कशी उपासमार झाली याचा संताप व्यक्त केला आहे. रान मोठे होते तोवर कळप पांगत असत. रान आकसले तशी सगळी गुरे एका तुकड्यावर दाटली.

यावर उपाय म्हणून मुंबई इलाख्यात १९३३ मध्ये पशुसुधारणेचा कायदा झाला. ज्या भागाला तो लागू केला जाई, तिथे परवान्याशिवाय वळू ठेवता येत नसे आणि निकृष्ट खोंड खच्ची करावे लागत. त्याच सुमारास बर्डिझोचा चिमटा प्रचारात आला. इटलीतल्या बर्डिझो नावाच्या पशुवैद्याने तयार केलेल्या या चिमट्याने कातडी न कापता आतली नस दाबली जाते. रक्त नाही, जखम नाही. काम लवकर आणि लहान वयात होऊ लागले. माझ्या मते कायद्यापेक्षा या चिमट्याने जास्त सुधारणा केली. गोऱ्ह्याला त्रास कमी झाला तेव्हाच धन्याचे मन वळले.

दुसरीकडे नवे वळण लष्कराच्या दुग्धालयांतून आले. गोऱ्या शिपायांना चांगले दूध मिळावे म्हणून १८८९ मध्ये अलाहाबादेस पहिले लष्करी दुग्धालय निघाले. (हे खाते २०२१ मध्ये बंद झाले.) अशा सरकारी आणि लष्करी गोठ्यांतून वासरू जन्मतःच आईपासून वेगळे करून, बोट चोखायला देऊन, बादलीतून दूध पाजण्याची पद्धत आपल्याकडे आली. तिचा फायदा असा की वासराला नेमके किती दूध गेले ते मोजता येते, आणि दुर्दैवाने वासरू मेले तरी गाय आटत नाही. पण ही पद्धत जिथे खातेवही आणि पगारी माणूस आहे तिथली. म्हणजे कौटिल्याचीच अट झाली की नाही?

ही अट मोडली की काय होते, ते शहरांनी दाखवले. मुंबईच्या तबेल्यांत गुजरात-हरियाणातून ताज्या व्यालेल्या म्हशी येत. जागा महाग, दूध महाग. पारडाने एक शेर दूध प्यावे, तर त्याच्या किमतीपेक्षा दुधाचे पैसे जास्त. त्यामुळे पारडे थोड्याच दिवसांत मरत आणि आटलेली म्हैस खाटकाकडे जाई. मेलेल्या पारडाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे धरायचे आणि पान्हा फोडायचा, असेही चाले. काही शहरांत तर 'फुका' नावाचा अघोरी प्रकार होता. जनावराच्या योनीत हवा फुंकून त्याला दूध सोडायला लावीत. गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडण्याचे व्रत घेतले, त्यामागे या क्रौर्याची जाणीव होती. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात फुक्याला शिक्षा सांगितली आहे. दूध वाढवण्यासाठी अपायकारक इंजेक्शन देणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. मुंबईतली ही स्थिती पालटावी म्हणून १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत सुरू झाली आणि तबेल्यांतल्या हजारो म्हशी तिथे हलवण्यात आल्या.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास तुमच्या डोळ्यांपुढचा आहे. १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा दूध संघ निघाला, १९६७ मध्ये उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी 'बाएफ' संस्था स्थापन केली, १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना आली. संकरित गाई गोठ्यात आल्या, रोज सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध जाऊ लागले आणि शेतकऱ्याच्या घरात नियमित पैसा आला. फार चांगले झाले. पण बघा, आता आपण सगळेच त्या दुधात मजुरी घेणारे गोपाळ झालो! संस्थेच्या मापात जाणारा प्रत्येक लिटर दिसतो. वासराच्या पोटात गेलेला दिसत नाही.

आणि पक्षपातही उलटला. ट्रॅक्टर आला, बैलाचे काम गेले, आणि जो गोऱ्हा लाडका होता तो नकोसा झाला. २०१२ च्या पशुगणनेत देशात गाईबैलांच्या जातीतले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ मध्ये ते सुमारे ४ कोटी ७४ लाख राहिले. त्याच काळात माद्या १२ कोटी ३० लाखांवरून १४ कोटी ५१ लाखांवर गेल्या. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात २०१५ पासून बैल आणि वळू यांचाही समावेश झाला, त्यामुळे नको असलेल्या गोऱ्ह्याचे करायचे काय हा प्रश्न गावोगाव आहे. फक्त खिल्लारचे पुन्हा थोडे पालटले. २०१४ मध्ये बंद झालेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा मान्य केला, आणि शर्यतीच्या गोऱ्ह्याला पुन्हा दूध मिळू लागले. आता लिंगवर्गीकृत रेतमात्राही निघाल्या आहेत; त्यांनी दहांत सुमारे नऊ कालवडी होतात. बैलासाठी कालवड उपाशी राहिली. आता कालवडीसाठी गोऱ्हा जन्मालाच येऊ नये अशी सोय झाली आहे. पण जे गोऱ्हे जन्माला येतील त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

या सगळ्यातून घ्यायचे काय? चार गोष्टी सांगतो.

पहिली, चीक. खरवस सगळ्यांना आवडतो, पण पहिला चीक वासराचा. जन्मल्यापासून तासा-दोन तासांत तो पोटात गेला पाहिजे, कारण रोगाशी लढण्याची शक्ती त्यातून मिळते आणि एका दिवसानंतर वासराचे आतडे ती घेऊ शकत नाही. वासरू नर आहे की मादी हे या वेळी पाहूच नये.

दुसरी, दूध. वासराच्या वजनाच्या सुमारे दहाव्या भागाइतके दूध रोज मिळावे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पुढ्यात कोवळा हिरवा चारा आणि थोडा भरडा ठेवावा. ते चाटता चाटता त्याचे खरे पोट तयार होते. वासरू रोज किलोभर भरडा खाऊ लागले की, साधारण तीन महिन्यांनी, दूध हळूहळू तोडावे. एका दिवसात तोडू नये. तोवर गोऱ्हे आणि कालवडी एकत्र राहिल्या तरी हरकत नाही; उलट एकमेकांच्या सोबतीने ती चारा लवकर शिकतात, आईसाठी कमी हंबरतात.

तिसरी, फारकत. सहा महिने झाले की गोऱ्हे आणि कालवडी निराळ्या बांधाव्यात, निराळ्या चाराव्यात. देशी गुरे उशिरा वयात येतात, पण संकरित गोऱ्हा नऊ-दहा महिन्यांतच कालवड गाभण करू शकतो. वयात न भरलेली कालवड गाभण राहिली की व्यायला अडते, आणि पुष्कळदा दोन्ही जीव जातात. कालवडीला पहिले रेतन वय मोजून नव्हे तर वजन पाहून, साधारण अडीचशे किलो भरल्यावर करावे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना सांसर्गिक गर्भपाताची लस एकदा टोचून घ्यावी. ही लस गोऱ्ह्यांना देत नाहीत. म्हणजे लसीचा दिवस हाच फारकतीचा दिवस धरला तर विसर पडणार नाही.

चौथी, खच्चीकरण. जो गोऱ्हा वळू म्हणून ठेवायचा नाही, त्याला पशुवैद्यकाकडून, भूल देऊन, वेळेवर खच्ची करून घ्यावे. एका गोठ्यात जागेअभावी दोन दावणी करता येत नसतील, तर मग याला पर्याय नाही.

शिक्षकमित्रांना एक विनंती. शाळेतल्या मुलांना घरच्या वासरांची नोंदवही ठेवायला सांगा. जन्मतारीख, नर की मादी, चीक कधी पाजला, दूध कधी तोडले, फारकत कधी केली, आणि वासरू वर्षाचे झाले की नाही. एवढी सहा घरे. वर्षअखेरीस गावातले किती गोऱ्हे आणि किती कालवडी जगल्या, याची बेरीज फळ्यावर मांडा. आपल्या गोठ्यात पक्षपात कुणाचा होतो आहे, ते पोरांना त्या आकड्यांतून आपोआप कळेल, आणि ती घरी जाऊन सांगतील.

दोन हजार वर्षांपूर्वी राजाच्या अधिकाऱ्याला जे लिहून ठेवावे लागले, ते आपल्यालाही वहीत लिहावे लागेल. दूध विकायचे, जरूर विकायचे. पण वासराचा वाटा आधी मोजून बाजूला काढायचा, मग संस्थेचे माप भरायचे.